आईबाबांना फो खायला नेलं आणि पार हिरमोड झाला

अमेरिकेत सॅन होजेत व्हिएतनामी लोक एवढे राहतात की इथे फो, म्हणजे त्यांचं रस्सेदार नूडल सूप, वाईट मिळेल असं डोक्यातही येत नाही, म्हणून रविवारी आईबाबांना मुद्दाम घेऊन गेलो, ते पुण्याहून पहिल्यांदाच आलेत. चिकनचा मागवला, फो गा. रस्सा चक्क कोमट! अहो फोचा सगळा जीव त्या रश्श्यात असतो, हाडं तासन्‌तास मंद आचेवर उकळायची, आलं-कांदा भाजून टाकायचा, मग चक्रीफूल, दालचिनी... इथे नुसतं मिठाचं पाणी. सोबतची तुळस काळी पडलेली, मोड शिळे, लिंबाची एकच फोड तिघांत. समर रोल्सचा राइस पेपर (बाहेरची तांदळाची पातळ पारी) वाळून कडक झालेला, म्हणजे कधीचे करून ठेवलेले असणार. वेटरला सांगितलं तर बाऊल परत गरम करून आणला, तोवर नूडल्सचा लगदा. आईने दोन घास खाल्ले आणि गप्प बसली, मला फार वाईट वाटलं. कंडेन्स्ड मिल्कवाली आइस्ड कॉफी तेवढी छान होती, दाट आणि कडक. टिप धरून ७० डॉलर गेले. पुढच्या रविवारी दोघांना दुसरीकडे नेतोय, खरा फो खाल्ल्याशिवाय त्यांना परत पाठवणार नाही.