मनगटातून की जांघेतून? अँजिओग्राफीनंतरचे काही तास

अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणं, जांघेतून झाली, तर खरी परीक्षा नंतर असते. नळी काढून जागा दाबून धरतात आणि मग साधारण 2 ते 6 तास उताणं पडून राहायचं. तो पाय सरळ, गुडघा वाकवायचा नाही, उठून बसायचं नाही. छातीपेक्षा कंबरच जास्त बोलायला लागते. त्यात लघवीही पडल्यापडल्या भांड्यात! पुष्कळ जणांना, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना, ती होतच नाही. अशा वेळी नर्सला विचारून उशाकडची बाजू 30 अंशांपर्यंत उचलून घ्यावी, कमरेखाली पातळ टॉवेल ठेवावा. खोकला-शिंक आली तर जांघेवर हात दाबून धरावा. पाठीत किंवा पोटात अचानक दुखलं, घाम फुटला, तर लाजू नका, लगेच सांगा. रक्तस्राव आतही होऊ शकतो.

मनगटातून केली, तर माणूस लगेच बसतो, चहा पितो, स्वतः बाथरूमला जातो. मनगटावर हवेचा पट्टा असतो, तो टप्प्याटप्प्याने सैल करतात. हात उशीवर ठेवायचा, मनगट दुमडायचं नाही. बोटं बधिर किंवा निळी पडली तर बोलायचं.

डॉक्टरांना पर्याय असेल, तर मी मनगटच मागेन. पण ती धमनी बारीक असते, कधी आकसते. मोठी उपकरणं घालायची असतील तर जांघच लागते.