जन्मसालाची वाइन आणि ३८० युरोंचा चुना

स्पेनमध्ये कुणी तुम्हाला 'जन्मसालाची' जुनी रिओहा, म्हणजे तिथल्या रिओहा भागातली वाइन, दाखवली, तर गोष्टी खुशाल ऐका, पण पाकीट लगेच काढू नका. माद्रिदमध्ये मला ३८० युरोंना गंडवलं. गंमत म्हणजे दुकानदार जे बोलला, त्यातलं बहुतेक खरंच होतं.

आमचे थोरले भाऊजी १९६४ चे. त्यांच्या साठीला खास काही द्यावं म्हणून मी रास्त्रोच्या रविवारच्या बाजाराजवळ एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. १९६४ हे रिओहातलं गाजलेलं साल, हे खरं. त्याने सोनेरी तारेच्या जाळीतली मार्केस दे रिस्कालची बाटली काढली. एल्सिएगो गावातली ही वाइनरी १८५८ ची आणि तळघरात १८६२ पासूनच्या वाइन जपलेल्या, हेही खरं. तिथलं हॉटेल बांधायला वास्तुविशारद फ्रँक गेरीला राजी केलं ते त्याच्या जन्मसालाची, १९२९ ची बाटली पाजून, हा किस्साही त्याने रंगवून सांगितला. तो सगळीकडे सांगितला जातो.

मग जाळी. रिकाम्या बाटलीत कुणी भलतीच वाइन भरू नये म्हणून ती पूर्वी घालू लागले. "जाळी शाबूत, म्हणजे माल अस्सल," तो म्हणाला. मेख इथेच होती. हल्ली ती जाळी शोभेपुरती असते. तार उलगडून पुन्हा पिळता येते. आमच्या बाटलीचा पीळ नवा, चकचकीत होता आणि बाकीची तार काळवंडलेली.

साठीच्या दिवशी ओतली तर रंग गर्द जांभळा. इतकी जुनी वाइन विटकरी होते, कडेला नारिंगी झाक येते, तळाशी गाळ बसतो. इथे गाळाचा कणही नाही. बूच कोरडं, करकरीत, त्यावर ना वाइनरीचं नाव ना साल. आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली! एवढ्या वर्षांत बुचातून थोडी थोडी उडून पातळी खांद्याकडे उतरते. भाऊजी घोट घेऊन म्हणाले, "माझ्या वयाची? ही तर माझ्या नातीच्या वयाची आहे."

बाटली आणि लेबल बहुधा खरंच असावं. आतला माल तेवढा बदललेला. ज्या वाइनरीचं नाव वापरलं, तिचा यात काडीचाही संबंध नाही.

तेव्हा घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च बाटलीमागे धरून रंग आणि पातळी बघा. फोटो थेट वाइनरीला पाठवून विचारा. आणि मोह नसेल तर ओळखीच्या वाइनच्या दुकानातून साधी ग्रान रेसेर्वा घ्या: किमान ५ वर्षं मुरवलेली, त्यातली २ ओकच्या पिंपात, मागे रिओहाच्या नियामक मंडळाचं क्रमांक असलेलं लेबल. भेट म्हणून ती कुठेच कमी पडत नाही.

पावती मात्र तिथेच उभं राहून वाचा. मी परत गेले तेव्हा त्याने माझ्याच पावतीवर बोट ठेवलं. तिथे स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं: 'जुनी बाटली, शोभेची'. वाइनचा उल्लेखच नाही. मी दुकानात ठेवावाच लागणारा तक्रारीचा फॉर्म मागितला. तो देताना मात्र त्याच्या तोंडून एकही किस्सा निघाला नाही. तक्रार ग्राहक कार्यालयात दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.