गोळी सोडवण्यासाठी घेतलेली पुडी

मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या जागी देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात, माझ्या धाकट्या भावावर उपचार सुरू होते. गर्द टोचून घेणाऱ्यांना तिथे ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी गोळी मोफत मिळते. परिचारिका गोळीची पूड करून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोरच बसवून ठेवते. सुई सुटली की एचआयव्हीचा धोका कमी होतो, म्हणून ही सोय राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून चालते. भाऊ सावरला होता, कामावरही जाऊ लागला होता. मात्र केंद्रातली रोजची फेरी कामाच्या वेळेशी जुळेना, आणि नेमकी हीच अडचण हेरणारी एक जाहिरात आम्हाला मोबाइलवर दिसली.

जाहिरातदार स्वतःला वैद्य म्हणवत होता. सरकारी गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावून घेणे, असे पटवून त्याने 'शंभर टक्के आयुर्वेदिक' चूर्णाचा कोर्स सुचवला, 18,000 रुपये आगाऊ घेतले आणि गोळी त्याच दिवशी बंद करायला लावली. पावती मागितली तर आशीर्वाद मिळाला. कुरिअरने आलेल्या पुड्यांवर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना यांपैकी काहीही छापलेले नव्हते. आयुर्वेदिक औषधांनाही कायद्याने ते बंधनकारक आहे.

चूर्णावर भाऊ शांत राहिला, हे नाकारता येत नाही. पुढची खेप लांबली तेव्हा मात्र जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब अशी गर्द सोडताना येते तीच टर्की सुरू झाली, आणि खेप आल्यावर एक पुडी पोटात जाताच ओसरली. केंद्रातल्या डॉक्टरांनी लघवीची मॉर्फिनच्या, म्हणजे अफूतल्या मुख्य नशेच्या द्रव्याच्या, पट्टीवर चाचणी केली. पट्टीवर चाचणीची रेघ उमटली नाही, आणि या पट्टीवर रेघ न उमटणे म्हणजेच अंश सापडणे. ब्युप्रेनॉर्फिन तिच्यावर दिसत नाही. तसाच निकाल देऊ शकणारे कोडीन असलेले खोकल्याचे औषधही त्याने घेतलेले नव्हते. अशा चूर्णांत अफू मिसळली जाण्याचे प्रकार नवे नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. मोजून आणि देखरेखीखाली मिळणारे फुकटचे औषध बंद करायला लावून त्या गृहस्थाने आम्हाला बिनमापाची नशा विकली होती.

ब्युप्रेनॉर्फिन लगेच सुरू करता आले नाही, कारण अफू अंगात असताना ते दिल्यास टर्की एकदम उसळते. त्रास पुरेसा दिसू लागेपर्यंत भावाला तळमळत थांबावे लागले. वेळेची अडचण डॉक्टरांना सांगितल्यावर कळले, की स्थिरावलेल्या रुग्णाला काही ठिकाणी त्यांच्या निर्णयाने डोस घरी नेता येतो. केंद्राचा पत्ता माहीत नसलेल्यांनी 14446 या मोफत राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारावे.

उरलेल्या पुड्या, पैसे पाठवल्याची नोंद आणि त्या वैद्याचे संदेश आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिले आहेत. त्याचा फोन आता लागत नाही. जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने सुरू आहे.