नॉलेज ग्राफमधील कालबाह्य विधाने: पुसावीत, मुदतीने बाद करावीत की कालावधीसह जपावीत?

कझाकस्तानच्या राजधानीचे अस्ताना हे नाव मार्च २०१९ मध्ये बदलून नूर-सुलतान झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले. एआय एजंटांना (सोपवलेले काम स्वतःहून पार पाडणाऱ्या एआय प्रणालींना) माहिती पुरवणारा नॉलेज ग्राफ, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातील संबंध विधानांच्या रूपात साठवणारे जाळे, ज्यांना सांभाळायचा आहे, त्यांनी जुनी विधाने हटवण्याची पद्धत निवडण्यापूर्वी ती या उदाहरणावर तपासून पाहावी. बाद झालेले विधान पुन्हा खरे ठरू शकते आणि मधल्या काळातले दस्तऐवज मधल्या नावानेच बोलत राहतात, या दोन्ही अडचणी त्यात एकत्र सापडतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुने विधान पुसून टाकणे. त्याने ग्राफ आटोपशीर राहतो आणि एजंटापुढे परस्परविरोधी विधाने येत नाहीत. मात्र नूर-सुलतान हे नाव पुसले, तर २०२० च्या अहवालातील त्या नावाचा उल्लेख कोणत्या शहराशी जोडायचा हे एजंटाला कळत नाही, आणि त्याने पूर्वी दिलेले उत्तर त्या वेळी योग्य होते का, याची शहानिशाही करता येत नाही. निओफोरजे या ग्राफ-डेटाबेसमध्ये ‘डिटॅच डिलीट’ ही आज्ञा नोडबरोबर (एखाद्या वस्तूच्या नोंदीबरोबर) त्याचे सगळे संबंध काढून टाकते. त्यामुळे एक विधान शिळे झाले म्हणून नोडच हटवला, तर शेजारची खरी विधानेही त्याबरोबर जातात.

दुसरा मार्ग मुदतीचा, म्हणजे टीटीएलचा (टाइम टू लिव्ह): प्रत्येक विधानाला ठरावीक आयुष्य द्यायचे आणि ते संपले की विधान बाद करायचे. हवामान, शिल्लक साठा, एखाद्या सेवेची सद्यःस्थिती अशा झपाट्याने बदलणाऱ्या माहितीला तो शोभतो. इतरत्र तो आंधळा आहे: जन्मतारीख कधीच शिळी होत नाही, तर पदाधिकारी नोंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही बदलू शकतो. माझ्या मते मुदत संपली की विधान हटवण्याऐवजी त्याची फेरतपासणी सुरू करावी.

तिसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण बहुतेक ठिकाणी मी त्याचीच शिफारस करेन. यात विधान पुसले जात नाही, त्याचा कालावधी बंद केला जातो. त्यासाठी दोन काळ वेगळे नोंदवावे लागतात: ते विधान जगात केव्हापासून केव्हापर्यंत खरे होते आणि ते आपल्या ग्राफमध्ये केव्हा आले. ही कल्पना नवी नाही. एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या २०११ च्या प्रमाणकात हे दोन्ही काळ आहेत, आणि एजंटांच्या स्मृतीसाठी बनलेली ग्राफिटी ही मुक्तस्रोत प्रणाली प्रत्येक संबंधावर ते नोंदवते. समजा, २०२१ चा एखादा दस्तऐवज आज ग्राफमध्ये भरला. ‘नंतर आले ते नवे’ एवढाच नियम असेल, तर राजधानीचे नाव पुन्हा नूर-सुलतान होईल. दोन्ही काळ नोंदवलेले असतील, तर तेच विधान २०१९ ते २०२२ या अवधीत आपोआप बसते.

याची किंमतही आहे. प्रत्येक शोधाला काळाची अट लावावी लागते आणि ती एका ठिकाणी जरी लावायची राहून गेली, तरी एजंटाच्या हाती दोन्ही नावे पडतात. शिवाय कोणते जुने विधान बंद करायचे हे भाषा-मॉडेलवर सोपवले, तर ते चुकू शकते: एका व्यक्तीच्या दोन नोकऱ्या हा विरोध नाही, एका नगराचे एकाच वेळी दोन महापौर हा बहुधा आहे. कोणता संबंध एकमूल्य आहे, म्हणजे त्याला एका वेळी एकच उत्तर असू शकते, हे म्हणूनच माणसाने आधी ठरवून द्यावे. शिळे आणि चुकीचे यांतला फरक विकिडेटा या खुल्या नॉलेज ग्राफने नीट सांभाळला आहे. तिथे जुने विधान समाप्तीच्या तारखेसह सामान्य श्रेणीत राहते, सध्याच्या विधानाला वरची श्रेणी मिळते, आणि तिसरी, त्याज्य श्रेणी मुख्यतः चुकीच्या विधानांसाठी असते.

एका बाबतीत मात्र कालावधी बंद करणे पुरत नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्याच्या कलम १७ नुसार एखाद्याची वैयक्तिक माहिती पुसणे बंधनकारक ठरते, तेव्हा ती खरोखरच गेली पाहिजे, आणि तीही केवळ ग्राफमधून नव्हे. तिच्यापासून बनलेली एम्बेडिंग्ज (मजकुराच्या अर्थाची आकड्यांतील रूपे), सारांश आणि कॅशेमधील (पुन्हा वापरण्यासाठी तात्पुरती साठवलेली) उत्तरेही शोधून काढावी लागतात. प्रत्येक विधान कोणत्या मूळ मजकुरातून आले आणि त्यापासून पुढे काय तयार झाले, याचा दुवा पहिल्यापासून ठेवलेला असेल तरच हे काम पूर्ण झाल्याची खात्री देता येते. म्हणून पद्धत कोणतीही निवडली, तरी हा दुवा आधी उभारावा.