अकरा महिने इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत: ६९ पौंड ३० पेन्स अजून डोक्यातून जात नाहीत

"तिकडे औषधपाणी सगळं फुकट ना?" नाशिकहून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मावसबहिणीच्या नवऱ्याला आता इथल्या नोकरीची ऑफर आलीय, ती तर रोज विचारते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी सध्या चिडलेली आहे, तेवढं धरून वाचा.

फुकट नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाच्या अर्जाबरोबरच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, वापरायची फी) भरावा लागतो, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराखालच्या मुलाला ७७६. आम्ही चौघं, तीन वर्षं, झाले १०,८६६ पौंड. रुपयांत अकरा-बारा लाख, विमानात बसायच्या आधीच. २०१५ साली हा प्रकार सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० होते म्हणे. कंपनीने व्हिसाची फी दिली, सरचार्जला मात्र हात वर केले. शिवाय पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याची वर्गणी) कापला जातो तो वेगळाच. आजारी पडलो नाही म्हणून यातलं काही परत मिळत नाही. (हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर येणाऱ्यांना सरचार्ज माफ आहे. नर्सताईंनो, तुम्ही हसा.)

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवणं अगदी सोपं, दहा मिनिटांचं काम. जीपीच्या दवाखान्याला इथे 'सर्जरी' म्हणतात. नोंदणीचा पहिला मेसेज मी घरच्या ग्रुपवर टाकला, तर सासूबाईंचा लगेच फोन, "कसली सर्जरी गं?"

आता माझं दुखणं. मला थायरॉईड आहे, रोज सकाळी एक गोळी. नाशिकहून तीन महिन्यांचा साठा आणला होता. तो संपल्यावर सर्जरीने प्रिस्क्रिप्शन थेट केमिस्टकडे पाठवलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही औषधाचे पैसे भरता का?" हा काय प्रश्न झाला? भरते की! आपण काय फुकटे आहोत? ताठ मानेने कार्ड टेकवलं. ९ पौंड ९० पेन्स.

आणि गोळ्या किती? अठ्ठावीस. इथला औषधाचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाचे तेरा महिने. आपल्याकडे शंभरेक गोळ्यांची बाटली दोनशे रुपयांच्या आसपास येते. इथे अठ्ठावीस गोळ्यांना हजारावर रुपये. औषध कुठलंही असो, इंग्लंडमध्ये दर आयटमला हाच आकडा. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनला पैसे पडतच नाहीत. कार्डिफच्या मैत्रिणीला हे मी सांगितलं तर तिला वाटलं मी प्रायव्हेट डॉक्टरकडे जाते.

सात वेळा भरले. आठव्यांदा काउंटरवर वयस्कर गुजराती फार्मासिस्ट बेन होत्या. स्क्रीन बघून हिंदीत म्हणाल्या, "थायरॉईड? फिर पैसा क्यों देती हो?"

तर गोष्ट अशी, की थायरॉक्सिन (माझी ती रोजची गोळी) कायमचं लागणाऱ्याला सगळी प्रिस्क्रिप्शन मोफत. फक्त थायरॉईडची नाही, सगळी. त्यासाठी एफपी ९२ ए नावाचा फॉर्म, त्यावर सर्जरीची सही, की पाच वर्षांचं सर्टिफिकेट येतं. गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनाही हीच सवलत, हे काका-मामांना सांगून ठेवा. सर्टिफिकेट हातात नसताना "मी भरत नाही" म्हणू नका, दंड होतो. आणि आधी भरलेले पैसे? ते परत मिळतात, पण पैसे देतानाच एफपी ५७ ही पावती मागून घेतली असेल तर. नंतर ती देत नाहीत. मी मागितली नव्हती. मला तिचं नावही माहीत नव्हतं. सर्जरीत रागावून विचारलं, तर रिसेप्शनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "भिंतीवर पोस्टर आहे ना." होतं. कुंडीच्या मागे. ६९ पौंड ३० पेन्स.

नवऱ्याला दमा आहे. दोन पंप लागतात. त्याला सवलत नाही! सवलतीच्या आजारांची यादी १९६८ सालची, नंतर कॅन्सरची भर पडली ती २००९ मध्ये, दमा अजून बाहेरच. म्हणजे माझ्या प्रिस्क्रिप्शनवरचं दुसरं कुठलंही औषध मला मोफत आणि ज्याला श्वास लागतो त्याने पैसे मोजायचे. ज्या अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याने १९४८ साली एनएचएस सुरू केली, त्याने १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावले म्हणून मंत्रिपद सोडलं होतं. मला तो माणूस एकदम जवळचा वाटायला लागलाय. नवऱ्यासाठी ११४ पौंड ५० पेन्सचा वर्षभराच्या प्रिस्क्रिप्शनांचा पास काढला. पाससुद्धा मीच शोधला, कुणी सांगितला नाही.

इथपर्यंत मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'येऊ नका' असं टाकणार होते. मग धाकटा बागेतल्या झोपाळ्यावरून पडला.

मनगट मोडलं. ए अँड ई मध्ये (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) पाच तास चाळीस मिनिटं बसलो (चार तासांचं उद्दिष्ट कागदावर आहे). पण एक्स-रे, प्लास्टर, आठवड्याने फ्रॅक्चर क्लिनिक, पुन्हा एक्स-रे, पुढे फिजिओ, या सगळ्यात एकदाही कुणी पैशांचा विषय काढला नाही. मी सवयीने मुलाच्या सगळ्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी घेऊन गेले होते. नर्सने ती मांडीवरून उचलून बाजूला ठेवली आणि मुलाला सांगितलं, आईचा हात धर. मला जरा भरून आलं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री नवऱ्याने हिशेब मांडायला घेतला, सरचार्जमधले किती वसूल झाले म्हणून. मी म्हटलं, राहू दे.

म्हणून मत बदललं, पण अर्धंच. बहिणीला मी आता एवढं सांगते, की मुलं लहान असतील आणि आजार अचानक येणारे असतील तर बिनधास्त ये. सावकाश दुखणाऱ्या गोष्टी असतील तर सहनशक्ती बघून ये. रक्त तपासायचं मनात आलं की फोन करून लॅबवाला घरी बोलवायची आपली सवय इथे चालत नाही. माझी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, वर्षातून एकदा, त्यांना वाटेल तेव्हा. दातांचं तिकडेच उरकून ये, सरकारी दरात नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट मला अजून सापडलेला नाही. आणि आई-बाबांना जवळ आणून ठेवायचा बेत असेल तर तो आधीच नीट तपास. त्यांना कायमचं आणायचे नियम फार कडक आहेत. व्हिजिटर म्हणून आले तर जीपी आणि ए अँड ई ला पैसे नाहीत, पण दाखल करावं लागलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल. सासूबाई आल्या तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद मी फ्रिजवर लावून ठेवला होता.

नवऱ्याच्या गुडघ्याला स्पेशालिस्ट हवा होता. जीपीने पाठवलं. नियमाने अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, पण देशभराचं हे उद्दिष्ट २०१६ नंतर गाठलेलं नाही. काल पत्र आलं. तारीख नेमकी आमच्या नाशिकच्या तिकिटांच्या आठवड्यातली. ती बदलायला आज सकाळपासून फोन लावून बसलेय. रांगेत माझा नंबर सतरावा.