प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञांकडे घेतलेले आघातावरील उपचार

रस्ते अपघातानंतर मनावर झालेल्या आघातासाठी मी पुण्यातील ज्या मानसशास्त्रज्ञांकडे उपचार घेतले, त्या अजून प्रशिक्षणार्थी आहेत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितले. एम.ए.नंतर त्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या चिकित्सा मानसशास्त्राच्या दोन वर्षांच्या एम.फिल.ला आहेत. वरिष्ठ मार्गदर्शकांशी माझ्याविषयी चर्चा होईल, हे सांगून त्यांनी माझी लेखी संमती घेतली. औषधांची गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू, हेही तेव्हाच स्पष्ट केले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची घाई न करण्याची पद्धत. अपघाताचे वर्णन पहिल्या काही भेटींत त्यांनी मागितलेच नाही. झोप, दचकणे, हॉर्न ऐकताच छातीत होणारी धडधड यांची नीट नोंद घेऊन, घाबरलेल्या शरीराला पुन्हा वर्तमानात कसे आणायचे, हे त्यांनी आधी शिकवले. त्या वापरत असलेल्या, १९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरो यांनी सुरू केलेल्या ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या) पद्धतीचे आठ टप्पे असून त्यांतले पहिले दोन पूर्वेतिहास आणि तयारी यांसाठीच असतात, हे समजल्यावर या संथपणामागचे कारण उमगले. पुढे आठवण मनात धरून त्यांच्या बोटांच्या हालचालीमागे नजर फिरवायची असे, आणि घडलेले सगळे तपशीलवार बोलून दाखवण्याची सक्ती नसल्याने माझ्यासारख्या अबोल माणसाला ते झेपले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचारासोबत (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारे उपचार) याच पद्धतीची शिफारस केलेली आहे, त्यामुळे हा कुणाचा हौशी प्रयोग नव्हे. दोन भेटींच्या मधे रात्री फार भीती वाटली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांनी आठवणीने लिहून दिला होता. आता मी पुन्हा गाडी चालवतो. महामार्गावर मात्र अजून सोबत लागते.

उणीव आहे ती हे उपचार जिथे होतात त्या केंद्राच्या व्यवस्थेत. खोलीची भिंत पातळ असल्याने बाहेरचे बोलणे आत ऐकू येते, आणि आपलेही बाहेर जात असेल या शंकेने मन मोकळे करताना आवाज आपोआप खाली येतो. आघातग्रस्तांच्या उपचारांसाठी हा दोष मला गंभीर वाटतो. शिवाय प्रशिक्षणार्थींची नेमणूक ठरावीक मुदतीची असते, म्हणून ती केव्हा संपते आणि त्यानंतर आपले उपचार कोण पुढे नेणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.