अॅम्स्टरडॅमचे नियोड: आपल्याच सरकारची झडती घेणारे दफ्तर

अॅम्स्टरडॅम शहरातील हेरेनग्राख्त कालव्याच्या काठी, ३८० क्रमांकाच्या भव्य वाड्यात, नियोड ही नेदरलँड्सची राष्ट्रीय संशोधन संस्था आणि तिचे अभिलेखागार आहे. युद्ध, ज्यूंचा संहार आणि जगात इतरत्र झालेले वंशसंहार हा तिचा अभ्यासविषय. चिमूर परिसरातील १९४२च्या लढ्याची कागदपत्रे आणि आठवणी जमवण्याचे काम आम्ही काही मंडळी गावच्या वाचनालयातर्फे करीत आहोत. असे काम दुसऱ्यांनी कसे उभे केले हे समजून घेण्यासाठी मी या संस्थेचे संकेतस्थळ, तिथले इंग्रजी अहवाल आणि संग्रहांच्या सूची सध्या नियमितपणे वापरतो. त्या वापरातून जे मत बनले, ते येथे मांडतो.

नेदरलँड्समधील जर्मन सैन्याने ५ मे १९४५ रोजी शरणागती पत्करली आणि ८ मे रोजी ही संस्था स्थापन झाली. इतकी तातडी शक्य झाली, कारण तयारी युद्ध चालू असतानाच झाली होती. देशावर जर्मनांचा अंमल असतानाच निकोलास पोस्टुमस या आर्थिक इतिहासकाराने अशा संस्थेची आखणी केली होती. तिकडे लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारचे शिक्षणमंत्री खेरित बोल्केस्टाइन यांनी २८ मार्च १९४४ रोजी रेडिओ ओरान्ये या त्या सरकारच्या लंडनहून चालणाऱ्या नभोवाणीवरून जनतेला आवाहन केले होते, की या काळाचा इतिहास केवळ सरकारी आदेशांवरून लिहिता येणार नाही, तेव्हा आपल्या डायऱ्या, जर्मनीत कामाला गेलेल्या कामगारांची घरी आलेली पत्रे, धर्मगुरूंची प्रवचनेसुद्धा जपून ठेवा. अॅम्स्टरडॅममध्ये जर्मनांपासून लपून राहिलेल्या अॅन फ्रँक या ज्यू मुलीने ते भाषण ऐकून आपली डायरी नव्याने लिहायला घेतली, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्याच आवाहनाच्या जोरावर पुढे सामान्य माणसांच्या २,०००हून अधिक डायऱ्या या संस्थेकडे जमा झाल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते नियोडचे सर्वांत मोठे धन हेच आहे. सत्ताधाऱ्यांचे कागद सत्ताधारी सांभाळतातच. १९४४-४५च्या हिवाळ्यात शहरांतले लोक उपासमारीने मरत असताना कोणाच्या घरी काय शिजले, हे लिहिणारी वही एरवी रद्दीतच गेली असती.

अॅनची मूळ हस्तलिखितेही तिचे वडील ओटो फ्रँक यांनी मृत्युपत्राद्वारे याच संस्थेला दिली. डायरी बनावट असल्याचा प्रचार ज्यूद्वेष्टे वर्षानुवर्षे करीत होते. संस्थेने त्याला निषेधाच्या पत्रकाने उत्तर दिले नाही. तिने कागद, शाई, डिंक आणि हस्ताक्षर यांची सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेतली आणि १९८६मध्ये डायरीचे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी छापून सर्वांसमोर ठेवले. आरोप झाल्यावर पुरावा कसा मांडावा, याचा हा वस्तुपाठ आमच्याकडच्या प्रत्येक जिल्हा इतिहास मंडळाने अभ्यासावा असे मला कळकळीने वाटते.

तरीही शत्रूने केलेल्या अत्याचारांची नोंद ठेवणे हे तुलनेने सोपे काम आहे. या संस्थेची कसोटी लागली ती स्रेब्रेनित्साच्या प्रकरणात. जुलै १९९५मध्ये बोस्नियातील या गावी, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणातले डच सैनिक तैनात असताना, बोस्नियन सर्बांच्या फौजेने ८,०००हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे यांची कत्तल केली. डच सरकारने १९९६मध्ये चौकशीचे काम नियोडकडे सोपवले आणि हजारो पानांचा अहवाल १० एप्रिल २००२ रोजी प्रसिद्ध झाला. सहाच दिवसांनी पंतप्रधान विम कोक यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. इतिहासकारांच्या अहवालावरून सरकार पायउतार झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. अहवालात सैनिकांपेक्षा मोहिमेच्या आखणीवर आणि ती स्वीकारणाऱ्या राजकारण्यांवर अधिक ठपका आहे, आणि त्यामुळे मृतांच्या आप्तांना तो सौम्य वाटला. त्यांची तक्रार निराधार नव्हती असे मला वाटते, कारण २०१९मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच डच तळावरून बाहेर काढल्या गेलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत डच राज्यसंस्थेला १० टक्के जबाबदार धरले. परंतु आप्तांना वाद घालायला आणि वकिलांना आधार घ्यायला तो अहवाल समोर होता, इंग्रजीतही होता, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो.

इंडोनेशियाच्या बाबतीत मात्र संस्थेला बराच उशीर झाला. तिचे पहिले संचालक लू द योंग यांनी लिहिलेल्या युद्धेतिहासाच्या एका खंडाचा मसुदा १९८७मध्ये फुटला. डचांची वसाहत असलेल्या इंडोनेशियाचा स्वातंत्र्यलढा मोडताना डच सैनिकांनी युद्धगुन्हे केल्याचे त्यात म्हटले होते. माजी सैनिकांनी गदारोळ केला आणि छापील खंडात ती भाषा सौम्य झाली. अभिलेखागाराच्या लौकिकावरचा हा डाग आहे असे मी स्पष्ट म्हणेन. तो पुसण्याचे काम फेब्रुवारी २०२२मध्ये झाले. नियोडने आणखी दोन संस्थांच्या साथीने केलेल्या संशोधनाने दाखवून दिले, की १९४५ ते १९५० या काळातली डच सैन्याची टोकाची हिंसा तुरळक नव्हती, ती सर्रास होती आणि वरपर्यंत तिच्याकडे कानाडोळा केला गेला. त्याच दिवशी पंतप्रधान मार्क रुटे यांनी इंडोनेशियाच्या जनतेची माफी मागितली. नियोडचा आजचा वाडाही सुमात्रातील तंबाखूच्या मळ्यांवर श्रीमंत झालेल्या याकोब निनहाउस यांनी बांधवून घेतला होता, याची नोंद येथे करून ठेवतो.

सेवेविषयी थोडक्यात. संकेतस्थळ डच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. मूळ कागद मात्र बहुतांशी डच वा जर्मन आहेत, त्यामुळे भाषांतराच्या अॅपवाचून आपल्या वाचकाचे पान हलणार नाही. सगळा संग्रह ऑनलाइन नाही आणि पुष्कळ दस्तऐवजांसाठी अॅम्स्टरडॅमच्या वाचनकक्षातच जावे लागते. मोठे अहवाल गावात रेंज बरी असेल तेव्हा, म्हणजे पहाटे, उतरवून घ्यावेत.

हे सगळे वाचताना मनात चिमूरच असते. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर गावात आलेल्या लष्कराने बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. तरीही निःपक्ष चौकशी झाली नाही. आज घरोघरी लोखंडी पेट्यांत जे कागद सापडतात, ते ताम्रपट आणि तुरुंगवासाचे दाखले आहेत, कारण स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या प्रस्तावाला तेवढेच लागत होते. ज्या बायांवर अत्याचार झाले त्यांना कोणता तुरुंग दाखला देणार होता? त्यांचे बोलणे सुना-नातींनी ऐकले, तेवढेच उरले आहे, आणि त्या नातीही आता सत्तरीला आल्या आहेत.

या साक्षी नोंदवताना नावांचे काय करायचे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि डच लोकही त्यातून सुटलेले नाहीत. जर्मनांना सामील झाल्याच्या संशयावरून ज्यांची प्रकरणे तयार झाली, अशा सुमारे ४,२५,००० व्यक्तींच्या नावांची यादी जानेवारी २०२५मध्ये तिथे खुली झाली. ते दफ्तर हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागाराचे आहे. खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने हरकत घेतल्याने मूळ कागद मात्र इंटरनेटवर टाकता आले नाहीत. हा वाद वाचल्यावर आम्ही दोन वह्या करायचे ठरवले: एकीत साक्ष, गाव आणि वर्ष, दुसरीत नाव, आणि ते केव्हा उघड करायचे याविषयी घरच्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली अट.